विकतची फट

"माझ्या घरात माणसं जेवतात, जबडे जेवत नाहीत," फौजदारबाई मुलाला ऐकवत होत्या. "टेबलावर भाजीचं पातेलं टेकवायला जागा नाही आणि हिनं तोंडं मांडून ठेवलीत. तीही परक्यांची. कोण कुठले, ओळख ना पाळख."

मुलगा दाराशी वाकून बूट घालत होता. तो बस चालवायचा आणि घरातही ड्रायव्हरसारखाच वागायचा. मागे काय गोंधळ चाललाय ते आरशात बघायचं, पण वळून बोलायचं नाही.

"आई, मेणाचे साचे आहेत ते," तो बुटाकडे बघत म्हणाला. "त्यांनी कुणी काही खाल्लेलं नाही अजून."

"अजून नाही ना? मग खातील तेव्हा खाऊ देत आपापल्या घरी. मी वाढायला वाकते तर समोरून कुणीतरी दात काढून हसतंय. सांगते तुला, एक दिवस सगळे गोळा करून खिडकीबाहेर फेकीन."

सून टेबलाच्या टोकाला बसली होती. स्पिरिटच्या दिव्यावर पातळ सुरी तापवून ती मेणात रोवलेला एक दात केसभर फिरवत होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती. आता केली.

"आई, तुमचा वरचा पुढचा डावा दात हलतोय," ती म्हणाली. "'सांगते' म्हणालात तेव्हा 'स' घसरला."

फौजदारबाईंचं तोंड उघडंच राहिलं. सुनेनं तेवढ्यात आत डोकावूनही घेतलं.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "मी घसा फोडून बोलतेय ते हिनं ऐकलं नाही. दात ऐकला."

फौजदारबाई हे नाव त्यांना इमारतीनं दिलेलं होतं, पाठीमागे वापरायला. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा ऐन उमेदीत गेला तेव्हा पदरात मुलं होती आणि शाळा सहीपुरती झालेली होती. हाताशी काय होतं, तर जीभ. त्या जिभेवर त्यांनी घर उभं केलं. मुलांवर हात कधी उगारला नाही, तशी वेळच आली नाही. जिन्यात कचरा टाकणारा भाडेकरू असो की शिळा पाव ताजा म्हणून खपवणारा दुकानदार, त्यांचा आवाज कानावर पडला की माणूस आधी सरळ उभा राहायचा आणि मग आपलं काय चुकलं ते आठवायचा. वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये त्यांना चांगली फट होती. त्या फटीतून 'स' बाहेर पडताना बारीक शीळ वाजायची. मुलं लहान असताना जिन्यातून ती शीळ ऐकूनच पुस्तकं उघडायची.

माणूस काम कशासाठी करतो, याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. पोटासाठी, नाही तर धाकापोटी, नाही तर कुणी शाबास म्हणावं म्हणून. चौथं कारण त्यांनी पाहिलं नव्हतं. ही सून मात्र तिन्हींत बसेना.

ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून प्लास्टरचे जबडे यायचे, ती त्यावर दात बसवायची आणि ते परत जायचे. तोंड कुणाचं, बाईचं की पुरुषाचं, तिला कळायचंही नाही. पगार ठरलेला. कवळी नामी झाली काय आणि बरी झाली काय, त्यात फरक पडत नव्हता. धाक म्हणावा तर मालक उलटाच ओरडायचा, "अगं बाई, तोंड मिटल्यावर सगळे सारखेच, किती कोरत बसशील?" आणि शाबासकी कोण देणार? कवळी चांगली बसली की माणूस ती विसरून जातो. आठवते ती टोचणारी. तरी ही झालेलं काम घरी आणायची, मोडायची आणि पुन्हा करायची. फौजदारबाईंनी एक निष्कर्ष काढून ठेवला होता. डोक्यात किडा आहे, दुसरं काही नाही.

दात हलतोय हे खरं निघालं. त्याचा राग त्यांनी अर्थातच सुनेवर काढला, जणू तिनंच तो बघून बघून हलवला होता. एकामागून एक बाकीचेही हलू लागले. हिरड्या सुजल्या आणि डॉक्टरांनी सगळेच काढायचे ठरवले. काढण्याआधी सून म्हणाली, "आई, आहेत तोवर एकदा साचा घेऊ द्या."

"जिवंत आहे अजून मी. माप कसलं घेतेस?"

विषय तिथेच संपला. दात गेले. हिरड्या भरून येईपर्यंत फौजदारबाई आपल्या खोलीत दार लावून जेवल्या. बोलायचं झालं तर तोंडावर हात. पोटच्या पोरालाही त्यांनी ते बोळकं दाखवलं नाही.

मग कवळीसाठी त्या स्वतः लॅबमध्ये गेल्या. मालकानं नमुन्याचे दात पुढे मांडले. त्यांनी त्यातले सगळ्यांत पांढरे, एकसारखे, मण्यांसारखे निवडले.

सून मागे उभी होती. हळूच म्हणाली, "आई, तुमच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती ठेवायला हवी."

"दात गेले तेव्हा तीही गेली. विकतची फट कोण घेतं गं?"

मालक मोठ्यानं हसला.  कवळी मालकानं स्वतः बनवून दिली.

फौजदारबाई दिसायला लागल्या त्या अशा, की शेजारणी दारात थांबून बघू लागल्या. चेहरा भरला, वय उतरलं. बोलणं मात्र पाहुण्यासारखं झालं. 'स' ओल्या फडक्यावर पडल्यासारखा पडायचा. 'त' आणि 'द' एकमेकांच्या अंगावर. जोर करून बोलावं तर आवाज मऊच निघायचा. त्यांनी पाववाल्याला झापलं, तर तो प्रेमानं हसून म्हणाला, "हो आजी, देतो हं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं रागावणं कुणाला विनंतीसारखं वाटलं.

"होईल सवय," मुलगा म्हणाला. डॉक्टरही तेच म्हणाले.  सून फक्त ऐकत होती, आणि ऐकताना तिच्या कपाळाला आठी पडत होती.

दर रविवारी सकाळी फौजदारबाई आपल्या थोरल्या भावाला फोन करत. दादा दुसऱ्या गावी मुलाकडे राहत. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते आणि तेव्हापासून माणसं त्यांना आवाजातूनच भेटत. बहीणभावाचं बोलणं म्हणजे भांडण. ते हिला कजाग म्हणायचे, ही त्यांना आळशी म्हणायची. लहानपणी कुणाचं काय कुणी खाल्लं इथपासून सुरुवात व्हायची आणि फोन ठेवताना दोघांची तब्येत सुधारलेली असायची.

दात काढल्यापासून हे फोन बंद होते. नवी कवळी आल्यावर एका रविवारी फौजदारबाईंनी फोन लावला आणि त्या म्हणाल्या, "दादा, मी बोलतेय."

"कोण आपण?" पलीकडून प्रश्न आला.

"अरे, मी."

"हो, पण आपण कोण? मुलगा बाहेर गेलाय. मला दिसत नाही, निरोप लिहून घेता येणार नाही. आपण नंतर करा."

"दादा, अरे बहीण तुझी."

 दादा अगदी मऊपणे म्हणाले, "बाई, आपला काहीतरी गैरसमज होतोय. माझ्या बहिणीचा आवाज मी ओळखतो."

फौजदारबाईंनी फोन ठेवला. लाइन खराब आहे म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. मेली होतीस का इतके दिवस, असं तो म्हणाला असता तर चाललं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण ज्यानं जन्मात कधी 'तू'शिवाय हाक मारली नाही, त्यानं 'आपण' म्हटलं.

त्यानंतर घरात त्यांचं बोलणं बंद झालं. हवं ते बोटानं दाखवायचं, नको ते मानेनं. दूध उतू गेलं तरी शब्द नाही, मुलगा ओल्या बुटांनी आत आला तरी नाही. तो आपल्याच पावलांचे ठसे बघत उभा राहिला आणि मग स्वतःच फडकं घेऊन पुसायला लागला. "आई, काहीतरी बोल की," तो म्हणाला. "चुकल्यासारखं वाटतंय." त्यांनी फडकं कसं पिळायचं ते हातानं दाखवलं.

पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढच्या रविवारी भाच्याचा फोन आला. मुलानं उचलला.

"खरं सांग," भाचा म्हणत होता, आणि टेबलापर्यंत ऐकू येत होतं. "आत्याला काही झालंय का? बाबा धड जेवत नाहीत. त्यांनी डोक्यात घेतलंय की आत्या गेली आणि आपण सगळे मिळून त्यांच्यापासून लपवतोय."

फौजदारबाईंनी फोन हिसकावून घेतला. "दादाला दे," त्या म्हणाल्या. दादा आले. फौजदारबाईंनी होता नव्हता तेवढा जीव आवाजात घातला. "दादा, जिवंत आहे मी. कवळी बसवलीय, म्हणून आवाज असा. जेव तू."

 दादांचा आवाज आला, पण ते आपल्या मुलाकडे वळून बोलत होते.

"का रे असं करता? गेली असेल तर गेली म्हणा. माझ्यासाठी कुणी परकी बाई कशाला उभी करता?"

हे सुनेनंही ऐकलं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली, दिवा विझवला आणि सासूसमोर खुर्ची ओढून बसली.

"मी दुसरी करते," ती म्हणाली. "फट ठेवून."

फौजदारबाईंनी हात झटकला. साचा कुठे होता? त्यांनीच घेऊ दिला नव्हता. आणि तेच त्यांना बोलायचं नव्हतं.

"साच्याची गरज नाही. ती फट मला माहीत आहे," सून म्हणाली. "वर अरुंद, खाली जरा रुंद. डावा दात उजव्याच्या किंचित पुढे आणि आतल्या बाजूला वळलेला. इतकी वर्षं तुमचं ऐकलंय, आई. तुम्हाला वाटत होतं ऐकत नाही."

फौजदारबाईंनी मानेनंच होकार दिला. 

रविवारच्या सकाळी टेबलावर त्यांचाच जबडा आला. पहिल्या कवळीच्या वेळी लॅबनं घेतलेला हिरड्यांचा प्लास्टरचा जबडा, गुलाबी मेण, आणि मेणात रोवलेले दात. हे दात पांढरेफटक नव्हते, जरा पिवळसर, वापरातल्यासारखे होते. सून एक दात हलवायची, सुरीची पाठ तापवून मेण गुळगुळीत करायची, मग पूर्ण कवळी गार पाण्यात बुडवून पुढे धरायची. फौजदारबाई पाठ फिरवून ती तोंडात घालायच्या आणि मगच वळायच्या.

"बोला," सून म्हणाली.

"काय बोलू?"

"रागवा मला. रोज रागवता तसं. त्यात सगळी अक्षरं येतात."

फौजदारबाईंना हसू येणार होतं. ते त्यांनी गिळलं आणि कामाला लागल्या. "साता जन्मांची आळशी. सकाळी उठायचं भान नाही, स्वयंपाकाचं सोंग, सासूची सेवा शून्य—"

"'सेवा' परत म्हणा."

"सेवा शून्य आणि शहाणपण—"

"फक्त 'सेवा'."

"मी काय बोलतेय ते ऐकतेस की नाही?"

"'स' ऐकतेय. काढा."

पुन्हा दिवा, पुन्हा सुरी. मेण वितळल्याचा वास स्वयंपाकघरात भरला होता. मुलगा चहा करायला आला, टेबलाचा एकूण रंग बघून आल्या पावली बाहेर गेला. एका दाताला तिनं इतकं हळू ढकललं की हलला की नाही ते फौजदारबाईंना दिसलंही नाही. त्या मात्र न सांगता पाणी बदलून आणत होत्या, फडकं धुऊन देत होत्या. आपण कुणाच्या तरी हाताखाली काम करतोय, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

"मला एक सांग," त्या तोंडावर हात धरून म्हणाल्या. "माझं जाऊ दे, मी घरातली. पण त्या परक्यांच्या दातांवर एवढा जीव का काढतेस? त्यांनी तुला कधी पाहिलं नाही, तू त्यांना पाहिलं नाहीस. मालक वर शिव्या देतो."

"एकदा पाहिला होता एक," सून सुरी पुसत म्हणाली. "बसथांब्यावर. शेजाऱ्याशी बोलताना खळखळून हसला. वरचा सुळा मी जरा वाकडा बसवला होता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. ओळखला मी. मागोमाग गेले त्याच्या दोन गल्ल्या."

"अगंबाई. मग? काय बोललीस?"

"काय बोलणार? तुमचे दात माझे आहेत म्हणू? मार खाल्ला असता."

"मग काय केलंस?"

"काही नाही. तो फळाच्या गाडीशी थांबला, एक सफरचंद घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या चावलं. कचकन. ते बघितलं आणि परत फिरले. लॅबला उशीर झाला, मालक ओरडला."

"एवढंच?"

"एवढंच." तिनं सुरी दिव्यावर धरली. "बाकीच्यांचं दिसत नाही. पण कुठेतरी चावत असतील ना. चुकलंय हे दिसलं की हात स्वस्थ बसत नाही माझा. त्याला कारण काय, ते नाही सांगता येत मला."

 इतकी वर्षं फौजदारबाईंनी घर चालवलं, पण असला हात त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. गेला असता तर आपण त्याला मुकाट राहू दिलं असतं की रागावून बिघडवलं असतं, याचा त्यांना अंदाज येईना. तिनं पुढे केलेली कवळी त्यांनी घेतली. पाठ फिरवली, बसवली, वळल्या.

"सत्यानाश," त्या म्हणाल्या.

बारीक शीळ वाजली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेरून मुलाचा आवाज आला, "काय झालं? मी काही केलं का?"

मेणाची कवळी लॅबमध्ये जाऊन पक्की होऊन आली. सुनेनं ती जेवणाच्या सुट्टीत, मालकाची परवानगी काढून, स्वतः घासली होती. फौजदारबाईंनी ती बसवली आणि रविवारची वाट न बघता, अंघोळही न करता, फोन लावला. भाच्यानं तो दादांच्या हातात दिला.

"दादा."

उत्तराची वाट न बघता त्या पुढे सुरू झाल्या.

"जेवण टाकलंस म्हणे. सुनेनं रांधायचं आणि सासऱ्यानं ताटाला पाठ करायची, हे कुणी शिकवलं तुला? लहानपणी माझ्या वाटचं हिसकून खायचास, तेव्हा नाही सुचलं हे उपाशी राहणं?"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. काठी असावी.

"कजागे," दादा म्हणाले.  "होतीस कुठे?"

"इथेच होते. मला कुठे जाऊ देतायत."

"मध्ये एक बाई तुझ्या नावानं बोलत होती," दादा म्हणाले. "फार सभ्य होती."

"असेल. असतात जगात सभ्य बायका. फुकट वेळ घालवू नकोस, फोन ठेव आणि जेवायला बस."

फोन ठेवून त्या तिथेच भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मग तोंड धुऊन स्वयंपाकघरात आल्या. मुलगा चहा पीत होता. सून टेबलावर कुणाचा तरी खालचा जबडा घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.  तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या कपाळावरच्या आठीवरून दिसत होतं.

"काय?" फौजदारबाई म्हणाल्या.

"'फ'," सून म्हणाली. "'फुकट' म्हणालात, 'फोन' म्हणालात. दोन्हीकडे हवा जातेय. वरचे पुढचे दात खालच्या ओठाला जरा पुढे टेकतायत. किंचित आत घ्यायला हवेत."

"मला तर काही कळलं नाही," मुलगा म्हणाला.

"दादाला कळलं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"नाही. कुणालाच नाही कळणार."

"मग राहू दे की आता," मुलगा म्हणाला, आणि या वेळी चक्क वळून म्हणाला. "आत्ता कुठे गाडी रुळावर आलीय. पुन्हा लॅबमध्ये न्यायची म्हणजे दोन-तीन दिवस आई बिनदाताची."

"तोवर ती पहिली घालता येईल," सून म्हणाली. मग सासूकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "नसेल जमत तर नको, आई. चालेल तसं. ऐकणाऱ्याला चालेल."

"आणि तुला?"

सुनेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिनं ते मिटलं.

फौजदारबाई नळाशी गेल्या. पाठ न फिरवता, तोंडावर हात न धरता त्यांनी कवळी काढली. गाल आत बसले. मुलानं नजर खाली वळवली, सुनेनं नाही. त्यांनी कवळी वाहत्या पाण्याखाली नीट धुतली, फडक्यानं टिपली आणि सुनेचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवली. मग त्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि बोलल्या. अक्षरं विरघळत बाहेर पडत होती, पण सुनेला त्यातलं एकूण एक कळत होतं.

"माझं तोंड आजवर कुणाच्या बापाला बंद करता आलं नाही. तुझं मन भरेपर्यंत मी गप्प बसते."